खंडेनवमीला मी तुडवलेली ट्रॉली

मी, तात्याबा किसन येळवंडे, वय एकाहत्तर, धंदा लोखंडी ट्रॉल्या बनवण्याचा, मूळ राहणार निघोजे, तालुका खेड, हल्ली मुक्काम प्राधिकरण, निगडी, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे हे स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. माझी पत्नी सौ. प्रभावती हिने तसा दाखला द्यायला साफ नकार दिला, पण तिची सही कायद्याने लागत नाही. वकीलसाहेबांनी मसुदा टाईप करून दिला होता. तो फारच गुळगुळीत वाटला, म्हणून मजकूर मी माझ्या हाताने लिहिला आहे. भाषा घसरली तर दोष वकीलसाहेबांना देऊ नये.

कलम १. निगडीचा बंगला, आतल्या सर्व सामानासह, प्रभावतीचा. तिच्या हयातीत तो कोणी विकू नये, आणि "आई, तुम्ही वरच्या मजल्यावर जा" असे तिला सुचवूही नये. तिचे गुडघे माझ्यामुळे गेले. सुरुवातीला शेड नव्हती, तेव्हा अंगणात उकिडवी बसून लोखंडाला रंग तीच लावायची. वर्षानुवर्षे. मी तिला बसायला एक साधे स्टूल करून दिले नाही. आख्खे आयुष्य लोखंड वाकवण्यात गेले आणि घरात एक स्टूल नाही! लिहितानासुद्धा मान खाली जाते.

कलम २. निघोज्यात राहिलेली जमीन मुलगा रविराज याची. बांधापलीकडे माझा चुलत भाऊ बाळू राहतो. पाइप वाकवायचे माझे मशीन त्याने "दोन दिवसांसाठी" नेले, त्यानंतर रविराजचे लग्न होऊन त्याची पोरगी शाळेत जायला लागली. ते मशीन आता बाळूचेच समजावे. कोणी मागायला जाऊ नये. त्याने आणून दिले तर मात्र चालू आहे का ते बघून ठेवून घ्यावे.

कलम ३. बँकेतल्या ठेवी नात आरोही हिच्या शिक्षणासाठी. काय शिकायचे ते तिने ठरवावे. ती भिंतीवर चित्रे काढते म्हणून मी एकदा तिच्यावर असा खेकसलो की पोर पलंगाखाली जाऊन बसली. त्या भिंतीला रंग देऊ नये.

कलम ४. माझा फोरमन आणि जुना दोस्त बरकत मुलाणी या मृत्युपत्राचा साक्षीदार आहे. साक्षीदाराच्या नावाने काही ठेवू नये, असा वकीलसाहेबांचा सल्ला. म्हणून माझी हातोडी आणि काटकोन तपासायचा गुण्या मी त्याच्या हातातच दिले. तो म्हणाला, "तात्या, ही हातोडी माझीच हाय. तूच नेलेली." असेलही.

कलम ५. आता कंपनी. इथपर्यंत हात बरा चालत होता.

चाकणच्या येळवंडे फॅब्रिकेटर्समधील माझ्या शेअर्सचा मोठा हिस्सा आणि कंपनी चालवण्याचा अधिकार सून सौ. संस्कृती हिला द्यावा. उरलेला हिस्सा रविराजला. वास्तविक गेल्या वर्षीच्या सत्यनारायणाला भावकीसमोर रविराजच्या खांद्यावर हात ठेवून "माझ्यामागे हाच मालक" असे मी बोललो होतो. तो शब्द मी मोडतो आहे. रविराज मेहनती आहे, सचोटीचा आहे, पण धंद्यात तो अगदी माझ्यावर गेला आहे. म्हणजे काय, ते कळायला गेल्या खंडेनवमीचे लिहावे लागेल. इलाज नाही.

आमची ट्रॉली म्हणजे कारखान्यात सुटे भाग ठेवून ढकलत नेतात ती. वीस वर्षे मी एकाच मापाची ट्रॉली बनवली. "हिच्यावर हत्ती उभा करा," असे गिऱ्हाइकांना सांगायचो. ती ढकलणाऱ्या बायकांच्या नडग्या खालच्या कोपऱ्यावर आपटतात, हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. हत्तीची तक्रार आली नव्हती.

संस्कृती डिझाइन शिकलेली. लग्नानंतर ती शेडवर यायला लागली, तेव्हा मी तिला केबिनमध्ये जागा दिली. ती एक दिवसही तिथे टिकली नाही. गिऱ्हाइकाच्या कारखान्यात गेली आणि बायकांबरोबर आख्खी शिफ्ट उभी राहिली. परत आल्यावर फ्रिजची, टीव्हीची खोकी गोळा करून शेडच्या कोपऱ्यात पूर्ण मापाची ट्रॉली बांधली. पुठ्ठ्याची! आमच्या ग्राइंडिंगच्या मंजुळाबाई उंचीने कमी आहेत, त्यांना म्हणाली, "ढकलून बघा."

मंजुळाबाई म्हणाल्या, "वरल्या कप्प्याला माजा हात पुरत न्हाई."

संस्कृतीने पुठ्ठा कापायचा कटर त्यांच्या हातात दिला. "मग कापा."

मी केबिनच्या काचेतून बघत हसत होतो. मंजुळाबाईंनी खरोखर कापला. मग रोज तेच. वेल्डर असो, पेंटर असो, टेम्पोचा ड्रायव्हर असो, ज्याला जे खटकेल ते त्याने कापायचे आणि दुसरे चिकटवायचे. मला तो पोरखेळ वाटला. आज कळते ते असे: मी लोखंड कापून, जोडून, रंग देऊन झाल्यावर विचारायचो, "कशी झालीय?" तयार लोखंडाला आणि समोर उभ्या मालकाला कोण नाही म्हणणार? सगळे म्हणायचे, "एक नंबर, मालक." ती पुठ्ठ्यावर विचारायची, आणि पुठ्ठ्याला नाही म्हणायला कोणाच्या बापाची भीती नसते. चांगला उद्योजक कसा असावा, यावर मी मेळाव्यांत भाषणे ठोकली आहेत, शाल-नारळ घेतले आहेत. हे एवढेसे मला माहीत नव्हते.

खंडेनवमीला आमच्याकडे मशिने बंद असतात. शेड धुवायची, एकूणएक हत्यार पुसून ओळीत मांडायचे, झेंडूच्या माळा, हळदकुंकू. दसरा झाल्यावर गिऱ्हाइकाची मोठी माणसे नवी ट्रॉली बघायला येणार होती. मी सकाळी शेडवर आलो तर कोपऱ्यात ते पुठ्ठ्याचे धूड. म्हणालो, "पूजेच्या जागी हा कचरा कशाला?" खोटे का लिहू, ते काय आहे हे मला चांगले माहीत होते. पण पुठ्ठ्याचे होते, म्हणून मला ते काम वाटले नाही. भंगाराच्या टेम्पोत मावेना, तेव्हा मी स्वतः त्यावर चढलो आणि बुटांनी तुडवून चपटे केले.

सगळे बघत होते. ज्यांनी ती ट्रॉली कापून-जोडून उभी केली होती तीच सगळी माणसे. मंजुळाबाई होत्या, बरकत होता, रविराज होता. "मालक, थांबा" असे एकाच्याही तोंडून निघाले नाही. आणि मला त्याचा अभिमान वाटला हो! वाटले, काय धाक आहे आपला.

मग संस्कृती पूजेचे ताट घेऊन आली. तिने रिकाम्या कोपऱ्याकडे बघितले. पिशवीतून तो कटर काढला, हत्यारांच्या ओळीत माझ्या हातोडीशेजारी ठेवला, त्याला हळदकुंकू लावले आणि नमस्कार केला. घरी जेवताना प्रभावतीने विचारले, "काय गं, चेहरा का उतरलाय?" तर म्हणाली, "काही नाही आई, पुठ्ठाच तर होता." माझे नाव घेतले नाही. मी अर्ध्या ताटावरून उठलो. तिने भांडायला हवे होते. भांडली असती तर मीही चार शब्द सुनावले असते आणि मोकळा झालो असतो.

दुसऱ्या दिवशी दसरा, शेडला सुट्टी. मन लागेना म्हणून मी गाडी काढून चाकणला गेलो. फाटक उघडे होते. आत सगळे जमलेले. कोणी घरून कूलरचे खोके आणले होते, कोणी पंख्याचे, कोणी मिक्सरचे. ट्रॉली पुन्हा उभी राहत होती. रविराज दाताने चिकटपट्टी तोडून देत होता. मी सुट्टीला माणसे बोलावली की आधी ओव्हरटाइमची बोलणी व्हायची. इथे कोणी कोणाला बोलावले नव्हते. मला आत पाऊल टाकायची लाज वाटली. स्वतःच्या फाटकावरून मी चोरासारखा परत फिरलो. गिऱ्हाइकाने ती ट्रॉली पसंत केली, आता तीच बनते. मला सगळे हसून "अभिनंदन, मालक" म्हणतात, तेव्हा तर मेल्याहून मेल्यासारखे होते.

कलम ६. मी हाताने लिहिलेल्या पहिल्या मसुद्यात या जागी माझी माफी होती. "मी गेल्यावर सर्व कामगारांसमोर वाचून दाखवावे, की तात्याबा चुकला आणि त्याने संस्कृतीची व सर्वांची माफी मागितली आहे," असा मजकूर. मी तो बरकतला वाचून दाखवला. वाटले, डोळे पुसेल.

तो म्हणाला, "मेल्यावर माफी? मेलेल्याला कोण न्हाई म्हणणार, तात्या? हे बी लोखंडच झालं की तुझं."

मी भडकलो. "मग त्या दिवशी तू का नाही थांबवलंस मला?"

"थांबला असतास?"

दोन दिवस मी नुसता धुसफुसत होतो. मग पटले. मसुदा नेऊन शेडमधल्या टेबलावर ठेवला, शेजारी तो कटर ठेवला आणि सगळ्यांना सांगितले, ज्याला जे खटकेल ते त्याने कापावे. स्वतः बाहेर टपरीवर जाऊन बसलो. भीती एकच होती, रविराज कलम ५ कापील. ते मी त्याला आधीच दाखवले होते. तेव्हा तो एवढेच म्हणाला होता, "पप्पा, भावकीत काय तोंड दाखवू?" डोळे लाल झाले होते पोराचे. त्याने ते कलम कापले असते तर कोणत्या तोंडाने त्याला अडवणार होतो?

चहा गार झाला तेव्हा बरकत बोलवायला आला. कागद दोन ठिकाणी कापला होता. कलम ५ मध्ये "माझी खुर्ची व कंपनी" असे लिहिले होते, त्यातले "माझी खुर्ची व" रविराजने काढले होते. म्हणाला, "कंपनी तिलाच द्या. तिच्या हाताखाली काम करताना लोक बोलतात, माझ्या हाताखाली गप्प बसतात. मला दिसतं ते. पण खुर्ची कशाला? ती बसते कुठं?" आपले कापून झाल्यावर कटर त्याने स्वतः बायकोच्या हातात दिला होता.

दुसरे कापले होते ते आख्खे कलम ६. संस्कृतीने ती पट्टी माझ्यापुढे धरली. "बाबा, हे नंतर नको. आत्ता वाचा."

मी वाचायला उभा राहिलो. चष्मा सापडेना, अक्षरे दिसेनात. शेवटी कागद खिशात घातला आणि तोंडानेच म्हणालो, "मी चुकलो. ती ट्रॉली मी तुडवायला नको होती." शेडमध्ये सगळे चिडीचूप, खंडेनवमीला होते तसेच. वाटले, झाले, आता हे जन्मभर असेच गप्प राहणार.

तेवढ्यात मागून मंजुळाबाई म्हणाल्या, "मालक, जरा मोठ्यानं बोला की. हितं मागं काय बी ऐकू आलं न्हाई."

मी पुन्हा म्हणालो. मोठ्याने. पहिल्यापासून सगळे.

कलम ७. केबिनमधली माझी खुर्ची रविराज भंगारात काढा म्हणतो. तसे करू नये. तिच्या लोखंडाचे प्रभावतीसाठी स्टूल करायचे आहे. ते काम मी मरायची वाट न बघता हाती घेतले आहे, आणि अर्धे राहिले तर संस्कृतीने पुरे करावे. काल पुठ्ठ्याचे करून प्रभावतीला दाखवले. ती त्यावर बसलीसुद्धा नाही. नुसते बघून म्हणाली, "बुटकं झालंय. मला उठता येणार नाही. परत कर." मी परत करतो आहे.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला व तो मला मान्य आहे. कापलेला मूळ मसुदा सोबत जोडला आहे. त्यातली भोके माझ्या संमतीने पडलेली आहेत, ती कोणी खाडाखोड समजू नये.

सही: तात्याबा किसन येळवंडे

साक्षीदार, आमच्यासमक्ष सही केली:
१. बरकत मुलाणी, फोरमन
२. सौ. मंजुळाबाई पडवळ, ग्राइंडिंग विभाग (सही करण्याआधी सगळे मोठ्याने वाचून घेतले)

ठिकाण: येळवंडे फॅब्रिकेटर्सची शेड, चाकण
दिनांक: १७ जानेवारी २०२६