दाराजवळची खुर्ची

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काही विचारायचं असलं की मी मनातल्या मनात तुमच्याच घराची कडी वाजवते. परंड्याच्या शाळेत तुम्ही मुख्याध्यापिका, मी नवी शिक्षिका. तुम्ही यहुदी, मी ख्रिस्ती, पण गावाच्या लेखी आपण दोघी एकाच देवळातल्या. एकदोनदा तुम्ही फरक समजावून सांगितलात आणि मग नाद सोडलात.

मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन तुमच्याकडे यायचे. आतल्या खोलीत पलंगावर तुमचे बाबा असायचे. कुर्डुवाडीला रेल्वेत गार्ड होते, पण तोवर त्यांचं डोकं पार गेलेलं. एकदा मी दाराजवळच्या त्यांच्या वेताच्या खुर्चीत सहज टेकले, तर तुम्ही भाकरी तव्यावर टाकता टाकता म्हणालात, "ऊठ. ती बाबांची आहे." मी म्हटलं, बाई, ते तर अंथरुणाला खिळलेत. "म्हणून काय झालं? बापाच्या जागेवर बसायचं नाही आणि बापाचा शब्द खोडायचा नाही. आमच्यात असंच असतं." मला राग आला. एवढ्या तेवढ्यावरून बोलणी खाल्ली म्हणून डबा गोड लागेना. तेवढ्यात आतून हाक आली, "माझी झेंडी कुठं हाय? गाडी सुटंल." शाळेत कुणाची एक चूक खपवून न घेणाऱ्या तुम्ही चुलीपाशी बसूनच म्हणालात, "सिग्नल पडला नाही अजून, बाबा. जेवून घ्या." आणि ते जेवले.

आता माझ्या घरात आई आहे. बाहेरच्या दाराला आतून कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. कारण एकदा ती स्टँडवर जाऊन कुर्डुवाडीच्या गाडीत बसली होती, कंडक्टरनं ओळखलं म्हणून परत आली. मला ती ओळखत नाही. "ओ बाई, सोडा की मला. लई येळ झाला. माझी आय वाट बघत आसंल." सुरुवातीला मी खरं सांगायचे, तुझी आई कधीच गेली. ते ऐकून ती दर वेळी नव्यानं रडायची. मग तुमची आठवण झाली आणि आता मीही म्हणते, भाकरी होऊ दे, मग निघू. भाकरी होते, ती विसरते, पुन्हा दार हलवते. दार हललं की मी गळ्यातली किल्ली चाचपते. कैदेत कोण आहे, हे माझं मलाच कळेनासं झालंय.

रविवारी मला देवळात जाता येत नाही, म्हणून पाळक घरी येऊन आम्हा दोघींना प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस देतात. सोबत मंडळीतले चार लोक येतात, माझ्या सेवेचं तोंडभरून कौतुक करतात आणि चपला घालून मोकळ्या हवेत निघून जातात. मला त्या चपलांचा हेवा वाटतो. मागच्या खेपेला पाळक म्हणाले, सोलापूरच्या वृद्धाश्रमात एक खाट रिकामी झालीय, येत्या रविवारपर्यंत कळवा. माझा चेहरा बघून पुढं म्हणाले, "प्रभूनंसुद्धा वधस्तंभावरून आपली आई शिष्याच्या हवाली केली ना?" मी म्हटलं, "तो मरत होता, पाळकसाहेब. मी नुसती कंटाळलेय."

तुमच्याकडं याला काही उत्तर होतं, ते मला पुरतं आठवतं. बाबांनी तुमच्या अंगावर ताट फेकलं त्या दिवशी कालवणानं भिजलेला पदर पिळत तुम्ही सांगितलंत, की आईबापांबद्दल देवाची आज्ञा मान राखायची आहे, प्रेम करायची नाही. खाऊपिऊ घालायचं, पांघरूण घालायचं, आतबाहेर न्यायचं. आणि जन्मदात्याची बुद्धी फिरली आणि लेकराला ते सोसेनाच, तर दुसऱ्या कुणाला तरी सांभाळायला नेमून लेकरानं बाजूला व्हावं, अशीही मुभा तुमच्या जुन्या गुरूंनी दिलेली आहे. मी विचारलं, मग तुम्ही का नाही घेत? तुम्ही म्हणालात, "मला सोसतंय अजून." तुम्ही ते काही मोठेपणानं म्हणाला नव्हतात, ताप किती आहे ते सांगावं तसं सांगितलंत. बाई, मला सोसत नाही. मला हिचा राग येतो, आणि ती झोपली की माझा येतो.

हे पत्र पाठवायचं कुठं, म्हणून घडी करून डब्यात टाकणार आहे. रविवारी मी हो म्हणणार आहे, तेही तुम्हाला सांगायचं होतं. पण आणखी एक राहिलं. आमच्याकडंही दाराजवळ आईची खुर्ची आहे, आणि आज मी तिच्यात बसले, किल्ली हातात धरून. आई आतून आली, माझ्याकडं बघत क्षणभर थांबली, डोक्यावरचा पदर सारखा केला. "बसा बाई, बसा तुमी. म्या खाली बसते," म्हणाली आणि फरशीवर बसली. अजून तिथंच बसली आहे. मी हे खुर्चीतूनच लिहितेय.