लाल टोपी आणि शस्त्राधिकार

हेमलॉक रन, पेन्सिल्व्हेनिया
२ मे

चि. सौ. अडेलियास थोरल्या बंधूचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे आज्ञापत्र उभ्यानेच वाचले. बंदुका पोलादी कपाटात कुलूपबंद झाल्याखेरीज महिनाअखेरीच्या सुटीत तुझी नात रूबी माझा उंबरठा ओलांडणार नाही म्हणे! घटनेच्या द्वितीय दुरुस्तीने प्रदान केलेला शस्त्रधारणाधिकार शहरवासी भगिनीच्या दोन ओळींनी निरस्त होत नसतो. बाबांची बंदूक चाळीस वर्षे स्वयंपाकघराच्या दारामागे निर्विघ्न उभी आहे. मात्र पोरीला ओढ्यात ट्राउट मासे धरायला शिकवण्याचा माझा संकल्प आहे. तेवढा मोडू नये.

स्नेह वर्धिष्णू ठेवावा.
तुझा हार्लन

फिलाडेल्फिया
९ मे

ती. दादांस कृतानेक सा. न. वि. वि.

तुमची घटना पोचली. पाठोपाठ शेजारच्या क्लाइडच्या बायकोचा फोनही. रानटर्कीच्या शिकारीत पक्ष्याला भुलवायला तुम्ही एका झुडपात टर्कीच्या मादीचा आवाज काढत होता, दुसऱ्यात क्लाइड नराचा. आणि पाऊण तास दोघे एकमेकांना पक्षी समजून प्रेमाने साद घालत सरपटत होता, हे खरे का? ती म्हणाली, एवढ्या गोड आवाजात यांनी मला तीस वर्षांत हाक मारली नाही! मीही हसले. मग तिने सांगितले की क्लाइडने फांदीवर टांगलेल्या लाल टोपीची तुम्ही छऱ्यांनी चाळणी केलीत.

दादा, आपल्याकडे आधी बंदूक उचलतात आणि कोण आहे ते मागाहून विचारतात. हे कुठल्या दुरुस्तीत लिहिले आहे? रूबीची टोपीसुद्धा लालच आहे.

राग धरू नये, लोभ धरावा.
आपली अडेलिया

हेमलॉक रन
१६ मे

चि. सौ. अडेलियास आशीर्वाद.

पोलादी कपाट काल स्थानापन्न झाले. ते उचलायला क्लाइडच आला. मी यथाविधी क्षमायाचना केली. तो म्हणाला, माफी राहू दे हार्लन, मादीचा आवाज मात्र अप्रतिम काढतोस, मी जवळजवळ लग्नाचेच विचारणार होतो.

तुला मात्र खरे सांगतो. मी पक्षी पाहिलाच नव्हता. टर्कीच्या नराचे डोके लाल असते; लाल दिसले आणि बोट हलले. बाबांनी नेम धरायला शिकवले. थांबायला कुणीच शिकवले नाही.

बंदुका आत आहेत, काडतुसे निराळ्या कुलपात. दोन्ही किल्ल्या या पाकिटात घातल्या आहेत. येताना त्या विसरलीस तरी चालेल. रूबीला विसरू नकोस.

कृपालोभाची याचना, यावेळी विनाअट.
हार्लन