वाऱ्यासाठी ठेवलेली जागा

नाबलुस, ३ मार्च

चि. लमीस हिला अनेक आशीर्वाद.

टक-टक, टक-टक. दोन्ही हातांत शिक्क्याचे हातोडे, आणि जमिनीवर अंथरलेल्या ओल्या साबणावर माझ्या बालमित्राचे, रुश्दीचे ठोके. शाळा सुटली की मी त्याच्या जोडीला वड्या रचत त्या तालावर कविता पाठ करायचो. माझं वृत्त चुकलं की तोही मुद्दाम एक ठोका चुकवायचा. तुमचा अहवाल वाचताना पन्नास वर्षांनी तो ताल कानात घुमला.

अम्मानच्या शाळकरी मुलांनी कंपनीची किंमत काढायची, तिच्यात पैसे घालावेत की नाही ते सांगायचं, आणि या स्पर्धेत तुमच्या वाट्याला नेमका रुश्दीचा कारखाना यावा! त्याचे मुलगे तो विकायला टपलेत आणि तुम्ही स्पर्धेतली पोरं काय म्हणता ते बघू म्हणून तो थांबलाय, असं तू लिहिलंस. म्हणून सांगतो, रागावू नकोस. फोटोतले साबणाचे मनोरे तुम्ही न खपलेला माल समजून निम्म्या किमतीत धरलेत, आणि कारखाना मोडून जागा विका असा सल्ला दिलाय. अगं वेडाबाई, तो माल पडून नाही, वाळतोय! मनोरे आतून पोकळ रचतात, वारा खेळावा म्हणून. वर्षभर वाळलेली वडी कमी झिजते, जास्त भावाने जाते. रुश्दीला फोनवर वड्या वाजवायला सांग. वाळलेली खणखणते, ओली बद्द वाजते.

माझं नाव मात्र काढू नकोस. मी मास्तर झालो तेव्हा तो म्हणाला होता, साबण सोडून खडू धरलास, हात पांढरे ते पांढरेच. मी त्याहून वाईट बोललो. तेव्हापासून गाव एक, पण उंबरठे परके.

आठवण ताजी ठेव.
तुझा आजोबा वसफी

अम्मान, २४ मार्च

ती. आजोबांस सा. न.

रुश्दीकाकांनी वड्या वाजवल्या. खण, बद्द, पुन्हा खण! सगळी आकडेमोड नव्याने केली. माझ्या गटातली तालीन चिडून म्हणाली, तुझ्या आजोबांच्या वाऱ्याला तक्त्यात रकाना कुठाय? मी रकाना केला. नव्या हिशेबाने कारखाना चालू ठेवण्यातच फायदा निघाला.

आमचा चौथा नंबर आला. एका परीक्षकांनी विचारलं, मुली, किंमत काढलीस की माया लावलीस? नंबर माझ्यामुळे गेला म्हणून तालीन अजून रुसलीय.

अहवाल काकांना पाठवला. त्यांनी फोन करून विचारलं, वड्या वाजवायला कुणी शिकवलं? तुमचं नाव तोंडातून निसटलं. त्यांनी लगेच फोन ठेवला. आजोबा, मी घोळ केला का?

रागावलात तरी पत्र लिहा.
तुमची लमीस

नाबलुस, २ एप्रिल

चि. लमीस हिला अ. आ.

चौथ्या नंबराचं वाईट वाटून घेऊ नकोस. परीक्षकांना म्हणावं, माया लावल्याशिवाय वर्षभर वाट कोण बघतं? तालीनला एक वडी पाठवतो, तिचा राग धुऊन निघेल. रुश्दीचं म्हणशील तर तो तसाच, मनातलं मनात वाळवत ठेवणारा. कारखान्याचं त्याने काय ठरवलं, कळलं नाही. बाजारात विचारायला माझी जीभ रेटेना. काल कारखान्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन मी

थांब, दारावर कुणाची तरी काठी वाजतेय. टक-टक, टक-टक, आणि एक ठोका मुद्दाम चुकवलेला.

खिडकीतून पाहिलं. रुश्दी आहे, लमीस! काखेत तुझा अहवाल. गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडतोय, की मास्तर, कारखाना विकणार नाही म्हणून मुलांना सांगितलंय, शिक्का मारायला हात कमी पडतात, तुझे पांढरे असले तरी चालतील, दार उघड.

उघडतो. लोभ वाळलेल्या वडीसारखा टिकू दे.
तुझा आजोबा