बावीसची बारा

ता. ९, सोमवार

लाडक्या ठमीस आजीचे आशीर्वाद. माझे गुडघे सोडले तर इकडे सगळे बरे आहेत.

गिऱ्हाइकांची मापं लिहायला तू केलेलं ते पडद्यावरचं पान बघायला आज दोघं आली. आधी आला तो तुझ्या ऑफिसातला चष्मेवाला. दुकानाच्या दारात घुटमळत होता, मला वाटलं पँटची उंची कमी करायला आलाय. मी टेप घेऊन वाकलेसुद्धा. तेवढ्यात तुझ्या मोठ्या बाई आल्या. ठमी कुठाय विचारलं तर म्हणाल्या, "पान बनवणारीनं समोर असायचं नाही. तुम्ही कसं वापरता ते नुसतं बघायचंय." बघा म्हटलं.

दवाखान्यातली नर्स स्कर्टचं माप द्यायला आली होती. माझ्या एका हातात टेप, दुसऱ्यात टाचण्या, एकच बोट मोकळं. ते पडद्यावरच्या आकड्यावर टेकवलं, तिथल्या तिथं चौकट उघडली, "कंबर बत्तीस" म्हणत तिसाचे बत्तीस केले. नर्स म्हणाली, "आजी, जरा हळू बोला की."

मग बाईंनी आकडा बदलायची दुसरी तऱ्हा दाखवली. पडद्यावरचं पेन्सिलीचं चित्र दाबायचं, वेगळं पान उघडतं, नऊ चौकटी, तळाशी 'जतन करा'. तिथवर पोचेपर्यंत टेप सुटली आणि आकडाही विसरले. मी म्हटलं, "एक बटण तुटलं म्हणून अख्खा शर्ट उसवायचा का?"

कापायच्या टेबलावरून तुझी आई बोललीच, "त्या तिथल्या तिथंनंच मुख्याध्यापिकाबाईंच्या कोटाची बाही गेली."

आता ऐक, आणि वाचता वाचता रडू नकोस. त्या दिवशी तुझ्या आईनं तुला फोनवर फाडून खाल्लं, तुझ्या पानानंच बाही बावीसची बारा केली म्हणाली, आणि मी ओवलेली सुई पुन्हा ओवत गप्प बसले. अगं, ते मी केलं होतं. फडक्यानं पडदा पुसत होते, चौकट उघडली, काहीतरी दाबलं गेलं. मी बाजूला बोट लावून ती मिटवली. पानानं मुकाट्यानं बारा धरून ठेवले, तुझ्या आईनं अर्ध्या बाहीचा कोट कापला.

आज हे सगळ्यांदेखत सांगितलं. आईची कात्री थांबली.

बाई म्हणाल्या, "मग हे तिथल्या तिथं बदलणं काढूनच टाकू. ठमीनंही तसंच लिहून दिलंय."

"काढलंत तर मी वहीत लिहीन," मी म्हटलं. "फडकं माझं, पण मुकाट्यानं धरणं तुमचं. आकडा जिथं आहे तिथंच बदलू द्या. बरोबरची खूण दाबल्याशिवाय नवा धरायचा नाही, आणि जुना शेजारी फिका दिसू दे. गिऱ्हाईक कायमचं पुसायचं किंवा नवं घालायचं, त्याला खुशाल वेगळं पान ठेवा. ते मी बसून करते. माप उभ्यानं घेतात."

चष्मेवाला भराभरा लिहीत होता. बाईंनी विचारलं, "शिक्षण किती झालंय आजी?"

"तिसरी. तीही अर्धी."

मग मात्र त्या हसल्या आणि म्हणाल्या, ठमीलाच करायला सांगते. ते गेल्यावर तुझी आई म्हणाली, "पोरीला उगाच बोलले." ते ठमीलाच सांग, असं मी तिला म्हटलंय. तिचा फोन येईल, तू आधी करू नकोस.

आणि लिहून दिलेलं ते परत घे. चूक माझी होती, तुझं काम चांगलं आहे. दोन्ही गोष्टी मी कुणापुढेही सांगेन.

चुकलेली, पण मागे न हटणारी,
तुझी आजी

बदललेलं पान घेऊन बाई गुरुवारी अकराला परत येते म्हणाल्यात.