ग्रीस लावलेला अँटेना

४ जानेवारी, सकाळी ७
कोपरगावातल्या आमच्या कॉलेजच्या छोट्या उपग्रहाचा प्रमुख मी. मिठाईच्या खोक्याएवढा उपग्रह, पण पुण्याच्या चाचणीत पास झाला तर खरोखर रॉकेटवर जाणार. अँटेना माझ्याकडे. स्टीलची पट्टी दुमडून नायलॉनच्या दोऱ्यानं बांधायची. वर गेल्यावर तार तापते, दोरा वितळतो, पट्टी बिजागरीवर उघडते. बस्स. एवढ्याशा बिजागरीपायी जगातली मोठमोठी अंतराळयानं अडून बसलीत. डॉक्टरेट घेतलेली माणसं, छत्री उघडता येत नाही. बावीस वर्षं वर्कशॉप शिकवतोय. दाखवतोच.

९ जानेवारी
मोनिका साळवे. थर्ड इयर, पुणतांब्याहून येते. म्हणते, अँटेना शंभरदा उघडून बघू, तेही थंडीत. म्हटलं, वर एकदाच उघडायचाय. लॅब असिस्टंट बिभीषण तिच्याच बाजूनं. कुलूप लावून तीनदा ओढून बघणारी माणसं ही.

१५ जानेवारी
बिजागरी कुरकुरते. स्वतः ग्रीस लावलं, सढळ हातानं. बिभीषण म्हणाला, "सर, थंडीत ग्रीस गोठतंय." दहावी नापास माणूस मला वंगण शिकवणार.

१८ जानेवारी
मोनिकानं आइस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये ग्रीस लावलेला अँटेनाचा सेट ठेवला. वीसपैकी अकरा वेळा अडकला म्हणे. फ्रीजर म्हणजे अंतराळ नव्हे. बिनग्रीसचा स्पेअर सेट करते म्हणाली. कर बाई. उद्यापासून तिच्याशी मोजकंच बोलायचं.

२९ जानेवारी, पुणे
थंड पेटीत माझा सेट. दोरा वितळला. पट्टी हलली नाही. परीक्षक मॅडमनी विचारलं, किती वेळा टेस्ट केलात? म्हटलं, थिअरी पक्की आहे. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. बायका फार लिहितात.
मोनिकानं पिशवीतून दुसरा सेट काढला. बदलायला प्रमुखाची सही लागते. "सर, सही करा. हा उघडतो." केली. तिचाही अडकला की तोंड बंद होईल, या हिशेबानं.
सातपैकी सात. निवड झाली. टीम उत्तम निवडली होती मी.

१२ फेब्रुवारी
पुण्याहून पत्र. माझा सेट त्यांना ट्रेनिंग हॉलमध्ये ठेवायचाय! शेवटी पारखी माणसं भेटली. बायकोला, मेहुण्याला, प्राचार्यांना कळवलं. पूर्ण नाव डिग्रीसकट पाठवलं.

६ मार्च
मोनिका पुण्याला ट्रेनिंगला गेलीय. बिभीषणला फोटो पाठवला तिनं. काचेच्या कपाटात माझा सेट. खाली चिठ्ठी: 'न उघडलेला अँटेना. कारण: ग्रीस. थंडीत चाचणी केली नव्हती.' माझं नाव कुठंच नाही.
बिभीषणला म्हटलं, यांची शिस्तच नाही, नाव गाळलं. तो म्हणाला, आधी चिठ्ठीत तुमचं नाव हुतं. "मोनिकानंच मॅडमला सांगितलं, सरांचं नाव नका ठेवू."
तिला फोन लावायला घेतला. ठेवून दिला.