बोलायचं बटण माझ्याकडे

४ फेब्रुवारी
आज रेसिंग टीम स्थापन केली. संस्थापक, मॅनेजर, स्ट्रॅटेजी: मी. मेकॅनिक: मेव्हणा. ड्रायव्हर: भाची. गाडी: एकच, तीही जुनी. ही म्हणाली, आधी मिक्सर दुरुस्त करा. संस्थापकाला घरून पाठिंबा कधीच नसतो.

२० फेब्रुवारी
वॉकीटॉकी आणले. बटण दाबून आपण बोलायचं, सोडलं की समोरच्याने. आपलं दाबलेलं असेपर्यंत दुसऱ्या कुणाचा आवाज येतच नाही. मॅनेजरसाठी याहून चांगलं यंत्र नाही.

९ मार्च, संध्याकाळी
पहिली रेस. अपयश म्हणणार नाही. अनुभव. सुरुवातीपासून भाचीला धीर देत होतो. ब्रेक धरत नाहीयेत असं ती सांगू बघत होती म्हणे. माझं बटण सुटलंच नाही. गाडी वाळूत. तिला खरचटलंसुद्धा नाही, पण माझ्याशी बोलली नाही. मी बोललो.

१० मार्च
मेव्हणा म्हणाला, दाजी, शेजारच्या टीमने तिला बोलावलंय. धस्स झालं. लहानपणी माझ्याच स्कूटरवर पुढे उभी राहून हॉर्न वाजवायची. दुसऱ्याच्या गाडीत ती मला बघवणार नाही.
संकल्प: रेडिओवर मौन. फक्त महत्त्वाचं बोलणार.

२२ मार्च
सराव. महत्त्वाचं बरंच निघालं.

६ एप्रिल, सकाळी
राहणार की जाणार, ते भाची आजच्या रेसनंतर सांगणार. मेव्हण्याने रेडिओ स्वतः सेट करून हातात दिला. म्हणाला, आज मनसोक्त बोला. चला, उशिरा का होईना, कदर झाली.

६ एप्रिल, संध्याकाळी
तिसरा नंबर! शेवटच्या वळणावर ओरडलो, "आतून घुसव!" तिने तस्संच घुसवलं. माझी कोणती सूचना जास्त उपयोगी पडली, विचारलं. ती मेव्हण्याकडे बघून हसली. निर्णय उद्या सांगते म्हणाली.

७ एप्रिल
मेव्हण्याने कबूल केलं. ती दोघं वेगळ्याच चॅनेलवर होती. माझा चॅनेल पार्किंगवाल्यांचा. "आतून घुसव" ऐकून तिथे एका जीपने दुसरीचा आरसा काढला.
फार लागलं मनाला. तडकाफडकी राजीनामा लिहिला. स्वीकारणारा मीच, म्हणून फाडला.
मग भाचीचा फोन. म्हणाली, मामा, मी कुठे जात नाहीये, पण तू त्याच चॅनेलवर राहायचंस. डोळे भरून आले. लगेच हो म्हणालो.
दुपारी पार्किंगवाल्यांचा मुकादम गॅरेजवर आला. पुढच्या रेसला त्यांना दुसरा चॅनेल हवाय.