पहिली फिल्म विजयाताईंकडे होती

१२ जानेवारी

लग्नाच्या पहिल्या वर्षी एकदा आम्ही स्कूटरवरून रेल्वे फाटकाशी थांबलो होतो. मालगाडी संपता संपेना. ह्यांनी पेरू घेतला, दोन अंगठ्यांनी फोडला, मोठा अर्धा मला दिला. मग वेळ जाईना म्हणून माझी काचेची बांगडी मागितली आणि स्वतःच्या हातात चढवली. सहज गेली. मागचा ट्रकवाला हसला. एवढंच.

आज आठवलं, कारण डॉक्टरांनी ह्यांचा हात उलटसुलट करून पाहिला. "अंकल, जूते का नंबर बढ़ा है क्या?" सात होता, आता दहा. मी म्हटलं, वयानं पाय पसरतात. त्यांनी जबडा पाहिला, दातांतल्या फटी पाहिल्या. डोकेदुखी, घाम, घोरणं, गेल्या महिन्यात दोनदा चौकटीवर आपटलेला खांदा, सगळं एका ओळीत लिहिलं. मेंदूच्या तळाशी पिट्यूटरी ग्रंथी असते, वाटाण्याएवढी. तिच्यावर गाठ असावी, त्यामुळे वाढीचं हार्मोन जास्त सुटतं आणि हातपाय, जबडा वाढत जातो. उद्या एमआरआय. घरातले जुने फोटोही आणायला सांगितलेत, चेहरा कधीपासून बदलला ते बघायला.

अडतीस वर्षं समोर बसून जेवतेय. मला काहीच दिसलं नाही.

१४ जाने.

संक्रांत. तिळगूळ केला नाही.

रिपोर्ट आला. इंग्रजी कागद आला की माझ्याच हातात देतात, कॉन्व्हेंटचा तेवढाच उपयोग. गाठ आहे. डोळ्यांच्या नसांना खालून रेटतेय, म्हणून बाजूचं दिसत नाही. शेवटून दुसरी ओळ: दोन वर्षांपूर्वीच्या तपासणीच्या तुलनेत वाढ.

ती ओळ तीनदा वाचली.

"अहो, ही दोन वर्षांपूर्वीची कोणती?"

"असंच. डोकं दुखे तेव्हा केली होती. तिथंच."

"फिल्म कुठंय?"

पेपरची घडी केली, परत उघडली. "विजयाकडे."

१५ जाने.

सेंटरवाले म्हणतात, जुना रिपोर्ट कॉम्प्युटरात आहे, चित्रं नाहीत. सर्जनला दोन्ही फिल्म शेजारी ठेवून हव्यात. म्हणजे जाणं आलंच. अनिकेत म्हणाला, मैं ले आता हूँ आई. नको म्हटलं. मुलाला कशाला.

विजयाताई ह्यांच्या ऑफिसात बावीस वर्षं शेजारच्या टेबलावर. ऑफिस नव्या रायपुरात गेलं तेव्हा हे स्टाफच्या बसने तिकडे जायला लागले, त्या जुन्या शाखेतच राहिल्या. मिस्टर लवकर गेले. मंडळाच्या गणपतीत दरवर्षी फोटो काढतात. मला वहिनी म्हणतात. ह्यांना भाऊ मात्र कधी म्हणाल्या नाहीत. हे लिहितेय आज, पण लक्षात फार आधी आलं होतं.

पुरानी बस्तीतली दोन खोल्यांची जागा. मी बसायच्या आत त्यांनी पलंगाची गादी उचलली आणि पाकीट काढलं.

"गादीखाली?"

"कपाटात मावे नाही न वहिनी. केवढं मोठं पाकीट हे! वाकलं की खराब होते."

दोन वर्षं ह्यांच्या डोक्याची चित्रं त्या बाईच्या अंथरुणाखाली.

"मले वाटलं, साहेबांनी तुमाले सांगितलं असन."

"मग इथं कशाला ठेवायला दिली असती त्यांनी?"

त्या उठल्या. अल्बम आणला, गणपतीचे फोटो, वर्षावार लावलेले. बोट ठेवून दाखवत गेल्या. "हे पाहा, इथून नाक. इथून हनुवटी. अन् ह्या वर्षी आवाजबी बदलला होता, आरती म्हणताना मले समजलं. तेव्हा मीच जबरदस्ती नेलं डोक्याचा फोटो काढाले."

"तुम्हाला बरं दिसलं."

"तुमी रोज पाहता, तुमाले कसं दिसन? मी वर्षातून एकदा पाहते."

फोटोंत हे मधोमध. मी तीन फोटोंत, तेही कडेला, हातात प्रसादाची परात. बाकी वर्षी आत पुऱ्या लाटत असणार.

चहा प्यायचा नाही असं ठरवून गेले होते. प्यायले. चांगला होता, त्याचाही राग आला.

१७ जाने.

सर्जनने दोन्ही फिल्म उजेडाच्या पेटीवर लावल्या. आधीची: गाठ हरभऱ्याएवढी. आताची: जांभळाएवढी. "तभी कर लेते तो आसान था." माझ्याकडे बघून म्हणाले. माझ्याकडे!

घरी येताना रिक्षात विचारलंच. मला का नाही?

"अनिकेतचं लग्न होतं. तू रडली असतीस."

"आणि ती?"

"ती नाही रडत."

तात्यापारा चौक येईपर्यंत मी रस्त्याकडे बघत बसले. मग हे, विजयाताईंच्याच बोलीत, "आता काहून रडून राहिली?"

शाळेत कॅथलिक मुली शनिवारी कन्फेशनला जायच्या. जाळीमागे फादर, अलीकडे मुलगी, दोन मिनिटांत हलकी होऊन बाहेर. आम्हा हिंदू मुलींना ते नव्हतं. तेव्हाही मत्सरच वाटायचा. म्हणून ही वही. लिहून टाकते: मला गाठीची भीती वाटते त्याहून त्या बाईचा राग जास्त येतो. आज तरी.

२३ जाने.

ऑपरेशन नाकातून, वर टाका नाही. चार तास म्हणाले, साडेपाच लागले.

आत एकालाच सोडतात. पास माझ्याकडे. विजयाताई सकाळी आठपासून खाली बाकावर, स्टीलच्या डब्यात उपमा घेऊन. अनिकेत म्हणाला, "आई, आंटी को दो मिनट दे दो न पास." ऐकू न आल्यासारखं केलं. पास पर्समध्ये, पर्स पदराखाली.

दुपारी डॉक्टर: निकल गया, काफी निकल गया. काफी म्हणजे किती, विचारायचं सुचलं नाही.

संध्याकाळी शुद्धीवर. नाकात बोळे, तोंडानं श्वास. मी कान जवळ नेला. "विजयाला कळवलं का?"

हो म्हटलं. खोटं. मग खाली जाऊन सांगितलं, म्हणजे खोटं राहिलं नाही. त्या बाकावर बसल्या बसल्या रडायला लागल्या. हुंदके देऊन. मी उभीच. ह्यांना हे माहीत नाही आणि मी सांगणार नाही.

उपमा अनिकेतने खाल्ला.

३० जाने.

घरी. वाकायचं नाही, नाक शिंकरायचं नाही. लघवी मोजून वहीत लिहायची, पाणी किती प्यायले तेही. हे काम कोणी मागितलं तरी देणार नाही.

हात मऊ पडलेत. गादीसारखा फुगलेला तळवा, आता बोटांची हाडं लागतात. सकाळी म्हणाले, "तू डावीकडून आलीस ते दिसलं." मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडला.

२ मे

नंतरचा एमआरआय. तीन महिने ह्याच दिवसाची धास्ती. मशीनचा ठकठक आवाज बाहेरपर्यंत. आज रिपोर्ट मी आधी वाचला नाही, हे, अनिकेत आणि मी, तिघांनी मिळून ऐकला. पेटीवर तीन फिल्म: हरभरा, जांभूळ, आणि काळी मोकळी जागा. डोळ्यांच्या नसा सुटल्या. पण कडेला, मोठ्या रक्तवाहिनीला चिकटून, तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं. गाठ उरलीय की जखमेचा व्रण, आत्ता सांगता येत नाही. रक्तातला त्या हार्मोनचा आकडा ना धड वर ना खाली. सहा महिन्यांनी परत फोटो. वाढलं तर इंजेक्शनं किंवा किरणं.

डॉक्टर म्हणाले, चेहऱ्यावर लक्ष ठेवा. "आंटी, आप तो रोज देखती हैं."

तेच तर.

३ मे

अनिकेत, ही वही तू सहसा उघडत नाहीस. पण मला हल्ली जिना चढताना दम लागतो, आणि पुढचा फोटो नोव्हेंबरात आहे. म्हणून लिहून ठेवते.

तिन्ही फिल्म आता आपल्याच घरी, माझ्या साड्यांच्या कपाटामागे उभ्या. वाकवायच्या नाहीत. डॉक्टरांना द्यायच्या त्या दाखवून परत आणायला. कोणाकडे ठेवायला द्यायच्या नाहीत.

लघवी-पाण्याची वही तुझ्या बायकोला. तिचं अक्षर चांगलं आहे.

माझ्या पाटल्या तिलाच. चांदीचं ताट ह्यांच्याकडेच राहू दे, त्यात जेवायची सवय आहे.

विजयाताईंना कालच्या रिपोर्टची झेरॉक्स. मीच नेऊन देणार होते, दोनदा चप्पल घातली आणि काढली. तू दे.

आणि मी नसले तर गणपतीत त्यांना घरी बोलवायचं. ह्यांना खिडकीच्या उजेडात बसवायचं, चष्मा काढून, आणि त्यांना नीट बघू द्यायचं. काही म्हणाल्या तर लगेच डॉक्टरकडे जायचं, वाद घालायचा नाही.

वर्षातून एकदा. जास्त नाही.